दादरच्या पुलावर पाय कोणाचं ऐकतात?

वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: मुंबईच्या लोकल स्टेशनांवर पुलावरून कुठल्या जिन्याने उतरायचं हे माणसं फलक बघून ठरवतात की घोषणा ऐकून? दिसणारी आणि ऐकू येणारी माहिती एकदम आली तर निर्णयाचं काय होतं? आणि फलक मोठे केले, आवाज वाढवला, तर चुकणारे कमी होतील का?

शेवटचं आधी घेते, कारण ते एका शब्दात सांगता येतं. नाही. गेली २२ वर्षं मी फलक आणि उद्घोषणा यांचं काम करते आहे. रुग्णालयं, बसस्थानकं, दोन-चार देवस्थानं, थोडंफार रेल्वेचंही. "आवाज जरा वाढवा हो" एवढाच उपाय जिथे जिथे झाला, तिथे चौकशीच्या खिडकीपुढची रांग होती तेवढीच राहिली. फरक एवढाच पडला की खिडकीतल्या माणसाला ओरडून बोलावं लागायला लागलं.

आता पहिला प्रश्न. त्यातला "की" मला खटकतो. फलक की घोषणा, अशी निवड पुलावरचा माणूस करतच नाही. एखाद्या संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर कठड्याला टेकून उभे राहा (कोणी हटकेपर्यंत वीसेक मिनिटं मिळतात) आणि फक्त पाय बघा. रोजचा प्रवासी मान वर करत नाही. खालून भोंगा वाजतो, ब्रेकचा करकराट येतो किंवा घोषणेत त्याच्या गावाचं नाव येतं, आणि पावलांचा वेग बदलतो. दिशा अजून ठरलेली नसते, नुसता वेग वाढतो. मग एक-दोन पावलांनंतर डोळे वर जातात, इंडिकेटरकडे किंवा जिन्याच्या तोंडावरच्या आकड्याकडे, आणि तिथे वळण ठरतं. म्हणजे आवाज माणसाला हलवतो आणि दृश्य त्याला वळवतं. दोघांची कामं वेगळी आहेत आणि क्रमही बहुतेक वेळा हाच असतो.

पंचाईत होते ती जोडी चुकीची जुळते तेव्हा. कानावर आलेली गोष्ट एकीकडची, डोळ्यांसमोरची दुसरीकडची, आणि दोन्ही एकाच क्षणी आल्यामुळे डोकं त्यांना एकाच घटनेची मानतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण दादरच आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

९ डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला एक नंबरचे फलाट दोन होते. एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. तसंच तीनचं, चारचं, पाचचं. दोन्ही रेल्वेंना जोडणाऱ्या पुलावर उभं राहिलं की दोन्हीकडच्या घोषणा कानावर यायच्या, कारण आवाजाला हद्द कळत नाही. समोर जिन्यावर मोठा "४" दिसतोय आणि कानावर "फलाट क्रमांक चार" पडतंय. फलक खरा आणि घोषणाही खरी, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नवखा माणूस धडाधडा जिना उतरायचा आणि खाली जाऊन बघतो तर विरारची गाडी, त्याला हवी असायची कल्याणची. कुठल्या रेल्वेची गाडी ते घोषणेत कळत असलं तरी त्या गोंगाटात कान फक्त आकडा उचलतो, कारण समोर आकडाच दिसत असतो. डोळ्यांनी जे समोर धरलंय, त्याच्याशी जुळणारा तुकडाच कान घोषणेतून निवडतो. हे मुद्दाम कोणी करत नाही, आपोआप होतं.

त्या डिसेंबरात पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच ठेवून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले. या बदलाचं मोल स्पीकरच्या संख्येत किंवा आवाजाच्या पातळीत नाही. पुलावर "चार" ऐकू आलं तर ते जुळवायला आता एकच "४" उरला, एवढीच काय ती करामत. गोंधळ मोजायचा तर गोंगाट मोजण्याआधी चुकीच्या जोड्या किती जुळू शकतात ते मोजा, असं मी माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना सांगते.

(नव्या क्रमांकांबद्दल माझी एक कुरकुर आहेच. अकरा, बारा, तेरा. तिन्हींचा शेवट "रा". पत्र्याच्या छपराखाली शब्दाचा पहिला तुकडा पुसला गेला की उरतो तो "रा" कोणाचा, हे ओळखायचं कसं? जुन्या एक-ते-आठमध्येही चार, पाच, सात, आठ या चौघांत "आ" हाच स्वर आहे. घुमणाऱ्या जागेत स्वर टिकतो आणि व्यंजनं पुसली जातात. मराठी आकड्यांची ही खोड कुठल्याही परदेशी मार्गदर्शक पुस्तिकेत सापडणार नाही, ती आपल्यालाच ध्यानात ठेवावी लागते. हिंदीतही ग्यारह, बारह, तेरह असंच आहे. म्हणून अशा ठिकाणी आकडा फलकावर ठसठशीत हवा आणि घोषणेत आकड्याबरोबर दुसरी काहीतरी खूण हवी.)

घुमण्याचा हिशेब साधा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १२ डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास लांब, म्हणजे फलाटाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला पाऊण सेकंदाच्या जवळ लागतो. फलाटावरचे सगळे स्पीकर विजेच्या तारेतून एकाच क्षणी बोलतात, पण तुमच्या कानाशी जवळचा आधी पोचतो आणि लांबचे रांगेने मागून येतात. फरक थोडा असेल तोवर मेंदू उदार असतो. पहिल्यांदा पोचलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो आणि मागून आलेले त्यातच मिसळून टाकतो. १९४९च्या सुमाराला हान्स वालाख आणि हेल्मुट हास यांनी वेगवेगळं हेच दाखवून दिलं होतं. पण हा फरक साधारण ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला, म्हणजे दुसरा स्पीकर पहिल्यापेक्षा सतरा-अठरा मीटर लांब असला, की बोलणं दुहेरी ऐकू यायला लागतं. शब्दाच्या अंगावर शब्द चढतो. इथे आवाज वाढवलात तर लांबचे स्पीकरही तेवढेच वाढतात, मग मिळवलंत काय?

आता "दोन्ही एकदम आलं तर" या तुमच्या मधल्या प्रश्नाकडे येते. रामदास पाध्ये आणि अर्धवटराव यांचा खेळ पाहिला असेल. बोलतात पाध्ये, पण आपण शपथेवर सांगू की आवाज बाहुल्याच्या तोंडून आला. आपल्याकडे या कलेला शब्दभ्रम म्हणतात आणि नाव अगदी नेमकं आहे. हलणारं तोंड दिसलं की आवाजाची जागा डोळे ठरवतात. २००४ साली डेव्हिड अ‍ॅलेस आणि डेव्हिड बर यांनी यातली पुढची गोष्ट दाखवली. दिसणारा ठिपका स्पष्ट असला तर आवाजाची जागा डोळे ठरवतात, पण तोच ठिपका खूप धूसर केला तर पारडं फिरतं आणि दिसणाऱ्या गोष्टीची जागा कान ठरवायला लागतो. मधल्या अवस्थेत दोघांची सरमिसळ होते. कोण जास्त भरवशाचं, याचा हिशेब मेंदू क्षणोक्षणी करत असतो. तेव्हा "माणसं डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतात" असं सरसकट वाक्य तुमच्या प्रबंधात लिहू नका. भर दुपारी स्वच्छ फलकापुढे ते खरं आहे. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन इंडिकेटरच्या काचेवर पडलेलं असताना तोच माणूस कानांवर चालतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी एका रुग्णालयात स्वतःच्या चुकीतून शिकले. नाव सांगत नाही. बाह्यरुग्ण विभागात सहा खोल्या ओळीने, समोर बाकं. मी मधोमध भिंतीवर मोठा पडदा लावला, त्यावर टोकन क्रमांक आणि खोली क्रमांक. जोडीला एक आवाज: "टोकन बेचाळीस, खोली क्रमांक सहा." पडद्याखालीच स्पीकर, कारण तार तिथपर्यंत आली होती. दिसायला फार छान. पहिल्याच दिवशी सगळे बेचाळीस नंबर उठून पडद्याखालच्या दाराकडे जायला लागले. ती खोली तीन. तीनच्या दारात घोळका, सहाचे डॉक्टर रिकामे. पडद्यावर "६" ठळक लिहिलेलं होतं, घोषणेतही सहा होतं, मग माणसं तीनकडे का? कारण "तुमचा नंबर" ही बातमी ज्या जागेवरून दिसली त्याच जागेवरून ऐकूही आली, आणि ज्या जागेवरून आपल्याला बोलावतात तिकडेच आपण जातो. आई स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा आपण स्वयंपाकघरात जातो, हाकेतले शब्द नंतर समजून घेतो. मी पडदा आणि आवाज एकाच जागी आणून एक अतिशय समर्थ अर्धवटराव उभा केला होता, फक्त चुकीच्या दारावर.

दुरुस्ती स्वस्त होती. प्रत्येक दारावर छोटा स्पीकर आणि छोटा दिवा. ज्या खोलीचा नंबर असेल त्याच दाराचा स्पीकर बोलायचा आणि त्याच वेळी तिथला दिवा लुकलुकायचा. घोषणा लहान झाली, आवाज आधीपेक्षा कमी झाला. मोठा पडदा राहिला, पण मुका, नुसती यादी दाखवायला. तिथल्या मावशींनी दोन दिवसांनी सांगितलं, "आता आम्हाला कोणी विचारत नाही, बरं झालं." माझ्यासाठी तोच अहवाल.

रेल्वेच्या पुलावर हेच तत्त्व उलट बाजूने दिसतं. पुलावरचा स्पीकर बहुतेक वेळा पुलाच्या मधोमध, तार आणि खांब सोयीचा असेल तिथे असतो. तो ज्या जिन्याच्या जवळ आहे त्या जिन्याबद्दल तो बोलत नसतो, सगळ्याच फलाटांबद्दल बोलत असतो. जिन्यापाशीच्या घोषणा जिन्याच्याच तोंडावरून, हळू आवाजात, आणि फक्त त्या फलाटाबद्दल झाल्या तर? माझ्या मते पुलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त फायदा याच एका बदलातून मिळेल. अडचण खर्चाची कमी आणि देखभालीची जास्त आहे, हे मान्य.

जागेनंतर वेळ. आपल्याकडची घोषणा साधारण अशी असते: "फलाट क्रमांक चारवर येणारी गाडी, सहा वाजून बेचाळीस मिनिटांची ठाण्याला जाणारी धीमी लोकल." बघा, वळायला लागणारी माहिती पहिल्यांदा आली, आणि जाग आणणारी माहिती शेवटी. माणूस आपल्या तंद्रीत चाललेला असतो. त्याचे कान टवकारतात ते "ठाणे" ऐकल्यावर. (गर्दीच्या गलक्यात आपलं नाव मात्र बरोबर ऐकू येतं, तसंच हे. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये गलक्यातल्या ऐकण्यावर जे प्रयोग केले, त्यांतून पुढे हा सगळा अभ्यास वाढला.) तोवर "चार" निघून गेलेलं. मग तो काय करतो? जागच्या जागी थबकतो आणि हिंदीची वाट बघतो. त्याच्या मागचा माणूस त्याच्यावर आदळतो. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन फेऱ्या असल्यामुळे आपण तरतो, नाहीतर कठीण होतं. गावाचं नाव आधी आणि आकडा शेवटी, "ठाणे धीमी, फलाट चार", असं म्हटलं तर नावाने मान वर होते आणि मान वर झालेली असताना आकडा येतो, म्हणजे ऐकलेला चार आणि दिसलेला ४ एकाच क्षणी भेटतात. वाक्य व्याकरणाला थोडं बोडकं वाटतं, पण पुलावर कोणी वाक्याचं सौंदर्य बघायला थांबलेलं नसतं.

भोंग्याबद्दल एक सांगायला हवं. खऱ्या गाडीचा आवाज हा सगळ्या घोषणांवर मात करतो, कारण तो गाडीबरोबरच येतो, खोटं बोलत नाही असा अनुभव असतो. पण तो सांगतो एवढंच की काहीतरी आलं. कुठल्या रुळावर, हे पुलावरून कानाने सांगणं अवघड. पूर्वी माणसं जाळीतून खाली डोकावून खात्री करायची. ज्या पुलांच्या कडा पत्र्याने किंवा जाहिरातींनी बंद केल्या गेल्या, तिथे ही खात्री करण्याची सोय गेली. उरला आवाज, आणि पुढच्या माणसाची पाठ. एक पळाला की चार पळतात. तुमच्या नकाशावर प्रत्येक पुलाची कड उघडी आहे की बंद, हे जरूर नोंदवा.

डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर काय होतं, याची फार जड आठवण मुंबईला आहे. २९ सप्टेंबर २०१७ची सकाळ, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणारा अरुंद पूल. जोराचा पाऊस, म्हणून माणसं खाली उतरेनात, आणि गाड्यांमागून गाड्या येऊन मागून नवी माणसं भरत गेली. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. चौकशीने पाऊस आणि गर्दी हीच कारणं पुढे ठेवली. एका जखमी विद्यार्थिनीचं म्हणणं तेव्हा बातम्यांत आलं होतं: फुलं विकणाऱ्या कोणाचा माल पडला, तो "फूल गिर गया" ओरडला, लोकांनी "पूल गिर गया" ऐकलं. एवढ्या एका शब्दाने हे घडलं असं मी म्हणणार नाही, दाटी तर आधीच जीवघेणी झाली होती. पण माझ्या धंद्यातल्या माणसाला त्या वाक्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. "फ" आणि "प" यांच्यात फरक हवेच्या एका फुंकरीचा. छपरावर पाऊस वाजत असताना ती फुंकर उरत नाही. आणि जिन्यावर अडकलेल्या माणसाला समोर दिसतात नुसत्या पाठी. पूल जागेवर आहे की नाही हे डोळे सांगू शकत नाहीत, म्हणजे कानाने ऐकलेलं खोडून काढायला कोणी नाही. अशा वेळी हलवणारा आणि वळवणारा एकटा आवाजच होतो, आणि वळवण्याच्या कामात तो फार कच्चा आहे.

आणीबाणीतल्या आवाजाबद्दल न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट या भुयारी स्टेशनावर केलेला एक प्रयोग आहे. गिलेन प्रू आणि जोनाथन साइम यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. नुसती धोक्याची घंटा वाजवली तेव्हा लोक फारसे हललेच नाहीत, घुटमळत राहिले. काय झालंय आणि कुठे जायचंय हे सरळ सांगणारी घोषणा दिली तेव्हा पटापट बाहेर पडले. आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं की खरं सांगितलं तर लोक घाबरून पळापळ करतील. माझा अनुभव उलट आहे. घंटा ऐकून माणसं एकमेकांची तोंडं बघतात.

मात्र सगळं काही बाहेरून शिकण्यासारखं आहे असंही नाही. आवाज आणि दृश्य यांची जोडी लाखभर माणसांसाठी कशी लावायची, हे बघायचं तर आषाढी वारीला जा. मी दर दोन-तीन वर्षांनी जाते, थोडी भक्ती आणि बरीचशी चोरी. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी लावली. मुक्कामाहून निघताना कर्णा वाजतो. पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला आपापल्या जागी रांगेत, तिसऱ्याला पालखी हलते. कर्णा कुठे जायचं हे सांगतच नाही, फक्त कधी ते सांगतो. कुठे, ते पताका आणि दिंडीचा क्रमांक सांगतात. कामाची वाटणी किती स्वच्छ आहे बघा.

आणि क्रमांकांचं? रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, आणि दोन्हीकडे मोजणी रथापासून एक, दोन, तीन अशीच. म्हणजे जुन्या दादरसारखे इथेही पाच नंबर दोन! पण कुठलाही वारकरी नुसतं "पाच नंबर" म्हणत नाही. "रथामागे पाच" म्हणतो. पुढे-मागे हा क्रमांकाचाच भाग आहे, आणि रथ सगळ्यांना दिसतो. दादरला जे साधायला सगळे फलाट नव्याने मोजावे लागले, ते इथे एका शब्दाने साधलेलं आहे.

मुक्कामाच्या तळावर समाज आरतीच्या वेळी तर मी अजूनही अवाक होते. सगळ्या दिंड्या गोलाने उभ्या, टाळ-मृदंगाचा कल्लोळ. चोपदार दंड उंच करतात आणि तो कल्लोळ थांबतो. नुसत्या दिसणाऱ्या खुणेने आवाज बंद! ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, म्हणून शांततेत नेमकी तीच ऐकू येते आणि चोपदार तिकडे जातात. मग हरवल्या-सापडल्याची माहिती सांगितली जाते. आमच्याकडे भाषणांत "सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर" म्हणतात ते हेच, आणि ते साधण्याची वारीची रीत सरळ आहे: आवाज वाढवायचा नाही, बाकीच्यांनी गप्प व्हायचं. स्टेशनावर जाहिरातीचे पडदे आणि त्यांचे आवाज घोषणेच्या वेळी गप्प केले तरी किती फरक पडेल. बहुतेक ठिकाणी तेवढंही होत नाही.

दृष्टिहीन प्रवाशांचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण प्रबंधात तो नसेल तर तुमचे परीक्षक विचारतील, आणि विचारायलाच हवा. मुंबईच्या लोकल फलाटांवर अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप असा सततचा आवाज लावलेला असतो. माझे एक दृष्टिहीन स्नेही रोज तो वापरतात. मी विचारलं, "तुम्ही त्या आवाजाच्या दिशेने चालता ना?" म्हणाले, "नाही हो. दिशा लांबून कळतच नाही त्याची. मी जिन्यावरून पावलं मोजत येतो, मग वड्याच्या तेलाचा वास, मग बीप मोठा झाला की थांबायचं." म्हणजे त्यांच्यासाठी तो आवाज वाट दाखवत नाही, पोचल्याची पावती देतो. यालाही कारण आहे. एकाच सुराचा आवाज लक्षात चटकन येतो, पण कुठून येतोय हे ओळखणं कानाला जड जातं. अनेक सुरांची सरमिसळ असलेला, पाण्याच्या फवाऱ्यासारखा "शूऽऽ" असा आवाज कान लगेच हेरतो. लीड्स विद्यापीठातल्या डेबोरा विदिंग्टन यांनी यावरच काम करून, धुरात काही दिसत नसताना बाहेरच्या दारापर्यंत नेणारे आवाज तयार केले. बीपच्या जोडीला असा एक हलका फवारा दिला तर माझ्या स्नेह्यांची पावलं मोजायची कटकट वाचेल असं मला वाटतं. जपानमध्ये आणखी एक पद्धत आहे. बऱ्याच स्टेशनांवर जिन्याच्या तोंडाशी पक्ष्यांची किलबिल आणि तिकिटाच्या दाराशी दोन सुरांची घंटा असते. जागेगणिक आवाज वेगळा, म्हणून ज्याला दिसत नाही त्यालाही कळतं की हा जिना आणि ते दार. दिसणाऱ्यांनाही ते नकळत उपयोगी पडतं.

प्रत्यक्ष पाहणी कशी करायची ते थोडक्यात. पुलावर सगळीकडे फिरू नका. जिथे वाट फुटते अशा दोन-तीन जागाच धरा, आणि माणूस कुठे थबकतो ते नकाशावर ठिपक्याने मांडा. माणसं का चुकली हे विचारू नका, ती खोटं नाही बोलणार पण त्यांना माहीतच नसतं, "आत्ता शेवटचं काय ऐकलंत?" एवढंच विचारा. थबकण्याच्या प्रत्येक ठिपक्यावर स्वतः उभे राहा. एकदा कानात कापूस घालून, एकदा मित्राचा हात धरून डोळे मिटून, आणि त्या जागेवरून फक्त डोळ्यांना आणि फक्त कानांना काय मिळतं ते दोन रकान्यांत लिहा. दोन रकाने वेगळ्या जिन्यांकडे बोट दाखवत असतील तर तुमचा प्रकल्प सापडला.

आणि हे सगळं एकदा जुलैत, पाऊस पत्र्यावर वाजत असताना पुन्हा करा. कोरड्या दिवसाचे निम्मे ठिपके तेव्हा जागा बदलतात. छत्री मात्र नेऊ नका. पुलावर उघडता येत नाही, आणि मिटलेली लोकांना टोचते.